संकेतांकातील पहिले शून्य : संगणकीय तक्ता भरणाऱ्यांसाठी एक पाठ

गावच्या दप्तरात वहीत केलेली नोंद आणि संगणकात केलेली नोंद यांत एक महत्त्वाचा फरक आहे. वहीत कारकुनाने जे लिहिले ते तसेच राहते. शाई पुसट झाली तरी अंक आपणहून बदलत नाही. संगणकावरील तक्ता, ज्यास व्यवहारात स्प्रेडशीट म्हणतात, तो मात्र लिहिलेले आधी वाचतो, स्वतःच्या रीतीने त्याचा अर्थ लावतो आणि त्या अर्थात न बसणारा भाग बहुधा काही न सांगता काढून टाकतो. अशा रीतीने वारंवार गळून पडणारी गोष्ट म्हणजे क्रमांकाच्या आरंभी असलेले शून्य होय. ग्रामपंचायती, शाळा, सहकारी संस्था व वाचनालये यांच्या याद्या आता संगणकावर तयार होत असल्याने हे शून्य का गळते, त्यामुळे कोणाचे नुकसान होते आणि ते कसे जपावे, हे प्रत्येक नोंद करणाऱ्यास ठाऊक असणे आवश्यक आहे.

संख्या आणि संकेतांक

पूर्वीच्या मराठी शाळांतून शून्यास ‘पूज्य’ म्हणत आणि मुले ‘एकावर पूज्य दहा’ अशी उजळणी करीत. एकाच्या उजवीकडे शून्य आले की किंमत दसपट होते. डावीकडे आले तर किमतीत काहीच फरक पडत नाही. ०२५ आणि २५ ही गणितात एकच संख्या. हा नियम बिनचूक आहे, परंतु तो संख्येस लागू आहे, संकेतांकास नाही.

संख्या म्हणजे मोजदाद : पोत्यांची, रुपयांची, विद्यार्थ्यांची. संकेतांक म्हणजे अंकांनी लिहिलेले नाव. या दोहोंतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ज्या अंकांची बेरीज किंवा सरासरी काढण्यास अर्थ आहे, ती संख्या. ज्यांची बेरीज काढणे हास्यास्पद ठरेल, तो संकेतांक. चाळीस विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढता येते. त्यांच्या पिनकोडांची सरासरी काढून कोणाच्याही घरी पत्र पोहोचणार नाही. पिनकोड, दूरध्वनी क्रमांक, बँकेतील खाते क्रमांक, शाळेचा संकेतांक, परीक्षेचा आसन क्रमांक ही सर्व नावे आहेत. नावाचे पहिले अक्षर वगळले तर ते दुसऱ्याचे नाव होते किंवा कोणाचेच राहत नाही.

लोकव्यवहारात हा भेद सर्वांस आपोआप कळतो. कागल सोडून कोगनोळीमार्गे निपाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही राज्यांची वाहने धावतात. चिकोडी कार्यालयात नोंदलेल्या वाहनावर ‘के ए २३’, बेळगावच्या वाहनावर ‘के ए २२’ आणि कोल्हापूरच्या वाहनावर ‘एम एच ०९’ असे लिहिलेले असते. कोल्हापूरचा कोणीही वाहनचालक आपल्या पाटीवरील शून्य अनावश्यक समजून पुसत नाही. मात्र हेच ‘०९’ संगणकीय तक्त्याच्या एका रकान्यात स्वतंत्रपणे लिहिले की क्षणात त्याचे ‘९’ होते.

पिनकोडची रचना

संकेतांकाचे मोल समजण्यास पिनकोडसारखे दुसरे उदाहरण नाही. भारतात ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणात जन्मलेले, टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांतील पत्ते आणि दुर्बोध हस्ताक्षर या अडचणींवर त्यांनी अंकांचा उपाय योजला.

सीमाभागात या तिन्ही अडचणी एकत्र आढळतात. खानापूर नावाचा एक तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, तर दुसरा सांगली जिल्ह्यात. पत्ता कोणी मराठीत लिहितो, कोणी कन्नडमध्ये, कोणी इंग्रजीत. पूर्वी मुंबई राज्यात असलेला हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. त्या राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक असे झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे शासकीय नाव बेळगावी झाले. नाव बदलले, तरी शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ५९०००१ हाच राहिला. भाषा, लिपी आणि नाव यांतील बदलांपलीकडे पत्त्याची ओळख टिकवून धरण्याचे काम हे सहा अंक करतात.

या सहा अंकांतील पहिला अंक विभाग दर्शवितो. पहिले दोन अंक मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि अखेरचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय दर्शवितात. कर्नाटकाचे पिनकोड पाचाने व महाराष्ट्राचे चाराने सुरू होतात. म्हणून निपाणीचा पिनकोड ५९१२३७, तर जवळच्याच कागलचा ४१६२१६. गावे शेजारची, पण पत्रांच्या वाटा पहिल्या अंकापासूनच निराळ्या.

भारतातील कोणताही पिनकोड शून्याने सुरू होत नाही. पहिला अंक १ ते ९ यांपैकीच असतो. यामुळे आपल्याकडील पिनकोड संख्या म्हणून नोंदवला तरी त्याचे अंक शाबूत राहतात, आणि म्हणूनच नोंद करणारे गाफील राहतात. पिनकोडच्या रकान्यात काही बिघडले नाही, सबब इतर रकान्यांतही बिघडणार नाही, असा त्यांचा समज होतो.

हा समज पहिल्यांदा खोटा ठरतो तो परदेशी पत्त्यांच्या बाबतीत. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची किंवा वाचनालयाच्या देणगीदारांची यादी करताना परदेशी गेलेल्या कुटुंबांचे पत्ते येतातच. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्या राज्याचे पाच अंकी टपाल संकेतांक शून्याने सुरू होतात. एडिसन या गावाचा एक संकेतांक ०८८१७ आहे. तक्त्यात त्याचे ८८१७ होते. चार अंकी संकेतांक डेन्मार्क, स्वित्झर्लंड इत्यादी देशांत प्रचलित असल्याने ८८१७ हे अंक पाहणाऱ्यास चूक वाटतीलच असेही नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज (०२१३९), जर्मनीतील ड्रेस्डेन (०१०६७), ऑस्ट्रेलियातील डार्विन (०८००) यांचीही हीच गत होते.

सीमाभागातील विशेष धोका

परदेशी पत्र परत येणे ही गैरसोय झाली. परंतु बेळगाव व निपाणी परिसरात शून्य गळण्याचा एक प्रकार असा आहे की, जो लवकर ध्यानात येत नाही आणि ज्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. तो स्थानिक दूरध्वनी क्रमांकांचा होय.

बेळगावचा दूरध्वनी संकेतांक ०८३१ असून त्यापुढे सात अंकी क्रमांक असतो. निपाणी व चिकोडी भागाचा संकेतांक ०८३३८ असून त्यापुढे सहा अंक असतात. दोन्हींत शून्यासह एकूण अकरा अंक होतात. तक्त्याने पहिले शून्य काढून टाकले की दहा अंक उरतात आणि ते आठाने सुरू होतात. भारतातील मोबाइल क्रमांकही दहा अंकी असतात व ६, ७, ८ किंवा ९ या अंकांनी सुरू होतात. म्हणजे शून्य गळालेला बेळगाव-निपाणीचा स्थिर दूरध्वनी क्रमांक हुबेहूब मोबाइल क्रमांकासारखा दिसतो. कोल्हापूरचा संकेतांक ०२३१ आहे. त्याचे शून्य गळाले तर क्रमांक दोनाने सुरू होतो व चूक डोळ्यांस दिसते. बेळगावच्या बाबतीत ती दिसत नाही. अंक मोजूनही सापडत नाही.

समजा, निपाणीच्या एका शाळेने शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांची यादी केली. काही पालकांनी अर्जात घरचा किंवा शेजारच्या दुकानातील स्थिर दूरध्वनी दिला होता. अर्जावर तो शून्यासह स्वच्छ लिहिलेला आहे. तक्त्यात शून्य नाही. पुढील कार्यालयाने त्या सर्व क्रमांकांवर कागदपत्रे सादर करण्याच्या अखेरच्या तारखेचा लघुसंदेश पाठवला. ज्या पालकांचा क्रमांक मोबाइल समजला गेला, त्यांना संदेश मिळणार नाही. कार्यालयाच्या दृष्टीने संदेश पाठविण्यात आलेला आहे. पालकाच्या दृष्टीने कोणीच कळवले नाही. मुदत टळते, विद्यार्थ्याचे वर्षाचे साहाय्य बुडते आणि चूक नेमकी कोणाची याचा पत्ता लागत नाही, कारण यादीत काही चुकले आहे असे दिसतच नाही.

बँकेच्या खाते क्रमांकांबाबतही हेच घडते. काही बँका व सहकारी संस्था यांचे खाते क्रमांक एक किंवा अधिक शून्यांनी सुरू होतात. रक्कम खात्यावर जमा होण्यासाठी क्रमांक जुळणे अवश्य असते. तो न जुळल्यास रक्कम परत जाऊ शकते, आणि निवृत्तिवेतनाची वाट पाहणाऱ्या वृद्धेस आपले नाव यादीत असूनही पैसे का आले नाहीत, हे सांगणारा कोणी भेटत नाही. बँक शाखेच्या अकरा स्थानांच्या आयएफएससी संकेतांकात पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या स्थानी शून्य आणि उरलेली सहा स्थाने शाखेची असतात. आरंभी अक्षरे असल्याने हे शून्य गळत नाही. परंतु शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टंकलिखित होण्याची चूक येथे वारंवार होते.

शाळांनीही दक्ष असावे. प्रत्येक शाळेस मिळणाऱ्या अकरा अंकी यू-डायस संकेतांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७ व कर्नाटकाचे २९ असल्याने स्थानिक शाळांच्या बाबतीत अडचण येत नाही. परंतु उत्तर प्रदेशाचे ०९ व राजस्थानचे ०८ आहेत. कामानिमित्त स्थलांतर केलेल्या कुटुंबाचे मूल सीमाभागातील शाळेत दाखल झाले, तर त्याच्या आधीच्या शाळेचा संकेतांक शून्याने सुरू होऊ शकतो. ते शून्य गळाल्यास त्या मुलाची मागील नोंद सापडणे कठीण होते.

शून्य का गळते

संगणकीय तक्त्याचा जन्म हिशेबासाठी झाला. व्हिसिकॅल्क हा वैयक्तिक संगणकावरील पहिला लोकप्रिय तक्ता १९७९ साली अमेरिकेत विक्रीस आला. त्यामागून १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आणि १९८५ मध्ये एक्सेल आले. बेरीज-वजाबाकी करणे हेच या साधनांचे मुख्य काम असल्याने चौकोनात केवळ अंक दिसले की ते संख्या समजावेत, हा नियम त्यांच्यात रुजला. संख्या साठवताना डावीकडील शून्ये साठवण्याचे प्रयोजन नसते. म्हणून ती पडद्यावरून नव्हे, तर नोंदीतूनच नाहीशी होतात.

हा स्वभाव केवळ शून्यापुरता नाही. जमिनीचा सर्व्हे व हिस्सा क्रमांक १२/३ असा लिहिला की तक्ता त्यास १२ मार्च ही तारीख समजतो. खुद्द ७/१२ हे अंकही तक्त्यात तारीख होऊन बसतात. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनाही हा त्रास झाला. काही जनुकांची संक्षिप्त नावे मार्च व सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसत असल्याने तक्ते त्यांच्या तारखा करीत. अखेर २०२० साली नामकरण समितीने त्या जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. गावाचे सर्व्हे क्रमांक मात्र असे बदलता येणार नाहीत. तेथे नोंद करणाऱ्यानेच सावध राहिले पाहिजे.

योग्य रीत

१. रकाना आधी ठरवावा. नोंदी भरण्यापूर्वी संकेतांकाचा संपूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’, म्हणजे मजकूर, असा करावा. गूगल शीट्समध्ये यास ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणतात. ही कृती आधीच करावयाची असते. शून्य गळाल्यानंतर रकान्याचा प्रकार बदलल्याने ते परत येत नाही.

२. एखाद-दुसरी नोंद असल्यास अंकांपूर्वी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. पुढील मजकूर अक्षरशः घ्यावा, असा त्याचा अर्थ होतो. ही खूण लोटस वन-टू-थ्रीच्या काळापासून चालत आली आहे. सामान्यतः ती चौकोनात दिसत नाही व छापलीही जात नाही.

३. दिसणे आणि असणे यांत गल्लत करू नये. ‘संख्या पाच अंकांत दाखवावी’ असा आदेश तक्त्यास देता येतो. मग ८८१७ ही संख्या पडद्यावर ०८८१७ अशी दिसते. परंतु आत ती ८८१७ च असते. दुसरे साधन ती उचलते तेव्हा शून्य पुन्हा नाहीसे होऊ शकते. कायमच्या नोंदीसाठी मजकूर हाच प्रकार योग्य.

४. दुसऱ्या कार्यालयाकडून आलेली फाइल थेट उघडू नये. ‘सीएसव्ही’ प्रकारच्या फाइलमध्ये शून्ये शाबूत असली तरी ती एक्सेलमध्ये थेट उघडताच गळू शकतात. ‘डेटा’ या सूचीतून फाइल आत घ्यावी आणि त्या वेळी संकेतांकाचे रकाने मजकूर म्हणून नेमून द्यावेत. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत शून्ये काढण्याची ही आपोआप होणारी क्रिया बंद करण्याची सोय उपलब्ध झाली आहे. तथापि आपली फाइल दुसरा कोणत्या संगणकावर उघडेल हे सांगता येत नसल्याने केवळ तिच्यावर विसंबू नये.

५. लांब क्रमांक मजकूर म्हणूनच लिहावेत. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक राखते. सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये बसवते. म्हणजे लांब खाते क्रमांकात आरंभीची खरी शून्ये जातात व शेवटी खोटी शून्ये येतात. बारा अंकी आधार क्रमांक शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही, तरीही संख्या म्हणून लिहिल्यास तो संक्षिप्त शास्त्रीय रूपात दिसू लागतो व वाचता येत नाही.

६. एकाच रकान्यात एकाच लिपीचे अंक वापरावेत. देवनागरी, कन्नड व आंतरराष्ट्रीय अंक यांची सरमिसळ झाल्यास शोध घेताना नोंदी जुळतील याची खात्री राहत नाही. पिनकोडच्या मध्ये जागा सोडणे व स्वल्पविराम देणे हेही टाळावे.

७. नोंद खाली ओढून भरू नये. मजकूर म्हणून लिहिलेले अंक खाली ओढल्यास काही वेळा ते एकेकाने वाढत जातात, आणि निपाणीच्या ५९१२३७ खाली ५९१२३८, ५९१२३९ असे भलतेच पिनकोड तयार होतात. समान नोंद हवी असल्यास ती नक्कल करून चिकटवावी.

गळालेले शून्य परत आणणे

तयार यादीत शून्ये गळाली असल्याची शंका आल्यास प्रथम मूळ फाइलची एक प्रत बाजूस ठेवावी. नंतर शेजारच्या रकान्यात अंकांची लांबी मोजण्याचे ‘लेन’ हे सूत्र वापरून प्रत्येक नोंद तपासावी. जेथे लांबी ठरलेली आहे तेथे चूक चटकन सापडते. न्यू जर्सीच्या पत्त्यापुढे चार अंक दिसले तर पाचवा अंक शून्यच असणार. तेथे सूत्राने शून्य जोडता येते.

परंतु जेथे लांबी ठरलेली नाही तेथे तर्काने शून्य जोडणे हे गळालेल्या शून्याइतकेच घातक आहे. निरनिराळ्या बँकांचे खाते क्रमांक निरनिराळ्या लांबीचे असतात. कोणाच्या आरंभी किती शून्ये होती, हे तक्ता सांगू शकत नाही. तसेच दहा अंकी, आठाने सुरू होणारा क्रमांक मोबाइलचा की बेळगावच्या स्थिर दूरध्वनीचा, हे अंकांकडे पाहून ठरवता येत नाही. अशा वेळी मूळ अर्ज, पासबुक किंवा दाखला काढून त्यावरूनच दुरुस्ती करावी. म्हणून तक्ता तयार झाला तरी मूळ कागद जपून ठेवणे अगत्याचे आहे. दूरध्वनीसाठी ‘स्थिर’ व ‘मोबाइल’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवल्यास सीमाभागातील ही अडचण मुळातच टळते.

वर्गातील सराव

शिक्षकांनी हा पाठ विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. नव्या तक्त्यात पहिल्या रकान्यात काहीही न ठरवता पुढील नोंदी भराव्यात : ०९, ०८३१, ०८३३८, ०८८१७, ५९१२३७, १२/३. देवनागरी अंक तक्ता निराळ्या रीतीने घेण्याचा संभव असल्याने या सरावापुरते आंतरराष्ट्रीय अंक वापरावेत. कोणत्या नोंदी बदलल्या व कोणती शाबूत राहिली, ते विद्यार्थ्यांनी वहीत लिहावे. नंतर दुसरा रकाना मजकूर म्हणून ठरवून त्याच नोंदी पुन्हा भराव्यात आणि दोन्हींची तुलना करावी. शेवटी पुढील यादीतील संख्या कोणत्या व संकेतांक कोणते हे विचारावे : वर्गाचा पट, परीक्षेचा आसन क्रमांक, उसाचे वजन, सर्व्हे क्रमांक, पावसाचे मान, पिनकोड.

नोंद करणे हे दिसावयास किरकोळ काम आहे. परंतु गावातील मनुष्य शासनास, बँकेस किंवा शाळेस दिसतो तो त्या नोंदीतूनच. त्याचे नाव शुद्ध लिहिण्याची काळजी जशी घेतली जाते, तशीच त्याच्या नावाने असलेल्या अंकांचीही घेतली पाहिजे. अर्जावर शून्य लिहिलेले असेल तर ते यादीतही असले पाहिजे. यादी पुढे पाठविण्यापूर्वी पहिल्या दहा नोंदी मूळ अर्जांशी ताडून पाहण्यास काही मिनिटे लागतात. ती वाचविल्यास त्याची किंमत मोजावी लागते ती यादीतील माणसास.